परक्यांनी पाहिलेला मराठी माणूस

महाराष्ट्रातल्या माणसांचे परक्याने केलेले सर्वांत जुने सविस्तर वर्णन एका चिनी भिक्षूचे आहे. ह्युएन त्संग इ.स. 641 च्या सुमारास चालुक्यराजा दुसरा पुलकेशी याच्या मुलखातून गेला. मायदेशी परतल्यावर 646 मध्ये त्याने आपला प्रवासवृत्तांत पुरा केला आणि त्यात ‘मो-हो-ला-च’ या देशाला एक छोटे प्रकरण दिले. जमीन सुपीक, हवा उष्ण, माणसे उंच, साधी आणि सचोटीची, पण कमालीची मानी, असे तो म्हणतो. उपकार करणाऱ्याला ती विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, मग दोघेही चिलखत चढवून समोरासमोर येतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, शरण आलेल्याला मारत नाहीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा होत नाही, त्याला बायकी वस्त्रे देतात, आणि ती लाज सहन न होऊन तोच मरण जवळ करतो. युद्धाआधी वीर मद्य पितात, हत्तींनाही पाजतात.

हे वर्णन मराठी लेखनात गेली शंभरेक वर्षे मोठ्या अभिमानाने दिले जाते. ते कोणासाठी लिहिले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. प्रवासवृत्तांत लिहवून घेतला तो थांग सम्राट ताइत्सुंग याने. त्याला पश्चिमेकडच्या देशांची माहिती हवी होती: राजा कोण, सैन्य किती, कोण कोणाला जुमानत नाही. हर्षवर्धनाला पुलकेशीने नर्मदेपलीकडे येऊ दिले नाही, ही बातमी अशा वाचकाच्या कामाची होती. चालुक्यांची राजधानी बदामी, म्हणजे कन्नड मुलखात. 634 च्या ऐहोळे शिलालेखात रविकीर्तीने पुलकेशीला नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा स्वामी म्हटले आहे. तेव्हा ह्युएन त्संगाने ज्यांना हत्तींना दारू पाजताना वर्णिले ते आजच्या अर्थाने मराठी होते की कर्नाटकातले, हा प्रश्न उरतोच. हरलेल्या सेनापतीच्या बायकी वस्त्रांवर कन्नड वाचकही तितकाच हक्क सांगू शकेल.

त्यानंतर सुमारे एकशे अडतीस वर्षांनी, 779 मध्ये, राजस्थानातल्या जालोर येथे उद्द्योतनसूरी या जैन मुनीने ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पुरी केली. तिच्यात एका बाजारपेठेचा प्रसंग आहे. देशोदेशीचे व्यापारी जमले आहेत, आणि कवी प्रत्येकाची अंगकाठी, स्वभाव आणि तोंडचे एकदोन शब्द पटापट टिपत जातो. गुर्जर तूप-लोण्यावर पोसलेले, लाट देशचे न्हालेमाखलेले आणि भांग पाडलेले, मारवाडचे जड आणि मंद. मराठ्यांच्या वाट्याला आले ते असे: अंगाने मजबूत, बुटके, सावळे, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. त्यांच्या तोंडी ‘दिले’, ‘घेतले’ अशा अर्थाची दोन रूपे आहेत. बाजारात दिले-घेतले सगळेच म्हणतात; कवीच्या कानाने पकडला तो भूतकाळी ‘ल’, जो आजही मराठीची खूण म्हणून परक्याला पहिल्यांदा ऐकू येतो.

भिक्षू म्हणतो उंच, मुनी म्हणतो बुटके. दोघेही म्हणतात मानी. जी गोष्ट टेपाने मोजता येते तिच्यावर या दोन साक्षीदारांचे एकमत नाही आणि जी मोजता येत नाही तिच्यावर आहे. एकमताला पुरावा मानणाऱ्यांनी इथे थोडे थांबायला हवे.

तिसरा साक्षीदार तर या दोघांनाही खोटे पाडतो. मोरोक्कोचा इब्न बतूता 1342 मध्ये महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघाला आणि वाटेत दौलताबाद, नंदुरबार या भागांतून गेला. त्याने पाहिलेले मराठे कारागीर आहेत, वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. भात, भाज्या आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न. प्राण्याला इजा करणे त्यांना आवडत नाही, जेवणाआधी अंघोळ करतात, सात पिढ्यांच्या आतले नाते असले तर लग्न करत नाहीत, आणि मद्य पिणे मोठा दोष मानतात. दौलताबादच्या मराठी स्त्रियांच्या नाका-भुवयांच्या सौंदर्याचीही तो तारीफ करतो. ना सूड, ना भांडण, ना पिऊन मातलेला हत्ती.

देवगिरीचे यादवांचे राज्य जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे उलटली होती. इब्न बतूता दिल्लीच्या सत्तेचा पाहुणा होता आणि त्याच्या समोर येणारा मराठी माणूस हा बाजारातला, औषधपाण्यातला, पंचांगातला होता. शस्त्रधारी मराठा त्याच्या वाटेत येण्याचे कारणच नव्हते. ह्युएन त्संगाला राजसत्ता दिसली, उद्द्योतनसूरीला पेठ, इब्न बतूताला जिंकलेला प्रांत. परक्याच्या वर्णनात लोकांचा स्वभाव जितका असतो त्याहून जास्त, तो परका कोणत्या दाराने आत आला हे असते. पुढच्या पाच-सहाशे वर्षांच्या वर्णनांना हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

बंगालला मराठी माणूस भेटला तो घोड्यावर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1741 नंतर दहा वर्षे ओरिसा-बंगालवर पुन्हापुन्हा उतरल्या. दिवाण भास्करराम कोल्हटकर हे त्यांचे नेतृत्व करत. 1742 मध्ये काटव्याला त्यांचा तळ पडला, आणि मुर्शिदाबादेत जगत्शेठची पेढी लुटली गेली. वाटाड्या होता मीर हबीब, बंगालचा नवाब अलीवर्दीखान याचा शत्रू. 1744 मध्ये नवाबाने भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून मारले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. 1751 च्या तहात ओरिसाचा वसूल आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल झाल्यावर त्या थांबल्या.

या दहा वर्षांनी बंगाली भाषेला ‘बर्गी’ हा शब्द दिला. तो मूळ ‘बारगीर’. मराठी घोडदळात दोन जातींचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारे त्याची स्वतःची असत, बारगिराला ती सरकारातून किंवा सरदाराकडून मिळत. फारसीत शब्दाचा अर्थच ओझे उचलणारा. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. म्हणजे घोडदळाच्या उतरंडीत बारगीर सर्वांत खालचा, ज्याच्या मालकीचा घोडाही नाही. बंगालने एका अख्ख्या लोकसमूहाचे नाव म्हणून नेमका हाच शब्द उचलला. स्वाभाविकच होते ते, कारण दार फोडून आत येणारा तोच होता. पंत, सरदार आणि तह करणारे वकील गावकऱ्याला कधी दिसलेच नाहीत.

गंगाराम नावाच्या कवीने याच काळात ‘महाराष्ट्रपुराण’ हे बंगाली काव्य लिहिले. त्यात पळणाऱ्या माणसांची गर्दी आहे, जाळलेली गावे आहेत, पैशासाठी केलेला छळ आहे. आणि तरीही काव्याची सुरुवात मराठ्यांना दोष देऊन होत नाही. पृथ्वीवर पाप वाढले म्हणून देवानेच या स्वारांना धाडले अशी मांडणी आहे. पुढे त्यांनी ब्राह्मण आणि स्त्रियांवर हात टाकला तेव्हा दैवी कृपा त्यांना सोडून जाते. मारणाऱ्याला निव्वळ राक्षस न करता शिक्षा देणारा हात म्हणून पाहणारा हा बळी, नंतरच्या बऱ्याच इतिहासकारांपेक्षा समजूतदार ठरतो.

1743 मध्ये पेशवा नानासाहेब बंगालमध्ये उतरला तो रघूजीला हुसकावण्यासाठी, अलीवर्दीशी पैशाचा करार करून. एक मराठी फौज दुसऱ्या मराठी फौजेपासून बंगालचे रक्षण करत होती. शेतातला बंगाली माणूस हा फरक कसा करणार? दोन्हीकडचे घोडे त्याचेच पीक खात होते. ‘बर्गी’ या शब्दात पेशवा, भोसले, मीर हबीबाचे लोक असे सारे एकत्र विरघळले. लेकराला झोपवताना बर्गी येतील अशी भीती घालणारे अंगाईगीत बंगालच्या घराघरांत गेले, आणि ज्यांनी कधी मराठी माणूस पाहिला नाही अशा पिढ्यांच्या कानी तोच शब्द पहिल्याने पडला.

मराठी बाजूने या प्रकरणाचे नाव ‘बंगालची मोहीम’. तिचा हेतू ‘चौथाई’. बखरी, रियासती आणि शाळेतली पुस्तके या दहा वर्षांवरून झरकन पुढे जातात. ज्या घटनेमुळे देशाच्या एका मोठ्या प्रांतात आपली प्रतिमा ठरली, ती घटना मराठी वाचकाला जवळजवळ ठाऊक नसावी, ही गोष्ट बर्गी या शब्दाइतकीच विचार करण्याजोगी आहे.

स्वाऱ्या संपून सात वर्षेही झाली नसतील तोच एका फ्रेंच माणसाला नेमके उलटे दिसले. आँक्तील द्यु पेरोन हा झेंद अवेस्ताच्या शोधात सुरतेला निघालेला विद्वान 1758 च्या सुमारास मराठी मुलखातून गेला. आपण जणू सुवर्णयुगातल्या साध्या, सुखी लोकांत आलो आहोत असे त्याला वाटले. लोक आनंदी, धट्टेकट्टे, आतिथ्यशील. तो लुटायला आला नव्हता आणि त्याला कोणी लुटले नाही. युरोपातल्या राजेशाह्यांना कंटाळलेल्या त्या काळच्या फ्रेंच विचारवंताला असे सुवर्णयुग कुठेतरी हवेही होते. बर्गी आणि हे सुखी शेतकरी, दोन्ही एकाच गावचे असणे सहज शक्य आहे. मृगापासून दसऱ्यापर्यंत नांगर, दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की घोडा.

इंग्रजांच्या वर्णनांना निराळाच भार आहे, कारण त्यांच्या वर्णनावरून कायदे, नेमणुका आणि पगार ठरले. 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीबरोबर हिंडलेल्या ब्रॉटन या अधिकाऱ्याची पत्रे 1813 मध्ये छापून आली. पगार थकलेले सैनिक, धरणे धरून बसणारे सरदार, चिखल, कारस्थाने. छावणी म्हणजेच राष्ट्र अशी समजूत त्या पुस्तकाने इंग्लंडमध्ये पक्की केली. त्या छावणीत मराठीइतकीच हिंदुस्थानी माणसेही होती.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची गोष्ट अधिक बोधक आहे. 1819 मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल त्याने लिहिला. त्यातला कुणबी-मराठा शेतकरी निर्व्यसनी, काटकसरी, कष्टाळू, सौम्य आहे, आपसात खोटेपणा न करणारा आहे. आपल्या लोकांच्या पराक्रमाचा त्याला थोडा अभिमान आहे, पण सध्या त्याची वृत्ती शांततेची आहे. ब्राह्मणाविषयी मात्र त्याच अहवालात कारस्थानी, लाचखाऊ, भरवशाचा नाही अशा अर्थाची विशेषणे एकापुढे एक येतात. पुढे बावीस वर्षांनी, 1841 मध्ये, इंग्लंडमध्ये बसून लिहिलेल्या ‘हिंदुस्थानच्या इतिहासा’त तोच एल्फिन्स्टन राजपूत आणि मराठा यांची तुलना करतो. राजपुताला आपली आन राखली म्हणजे पुरे, लढाईच्या निकालाची त्याला पर्वा नाही. मराठ्याला निकाल हवा, साधन कोणते ते गौण. म्हणून प्रतिस्पर्धी म्हणून राजपूत लायक, पण शत्रू म्हणून भयंकर तो मराठा. अंगाने दोघे कसे, तर राजपूत देखणा आणि मराठा लहानखुरा, मजबूत, काटक.

लहानखुरा, मजबूत, काटक. उद्द्योतनसूरीचेच शब्द जणू. एल्फिन्स्टनला ‘कुवलयमाला’ माहीत असणे शक्य नव्हते, डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी तिची चिकित्सक आवृत्ती छापली ती 1959 मध्ये. हजार वर्षांच्या अंतराने दोन अनोळखी माणसांनी हेच म्हटले, म्हणजे त्यात काही तथ्य असेल असे वाटणे साहजिक आहे, आणि शरीरापुरते असेलही. डोंगरउताराच्या जमिनीवर बाजरी-नाचणीवर वाढलेली अंगकाठी मोठी नसते. स्वभावाचे काय? अहवाल लिहिताना एल्फिन्स्टनला नुकताच जिंकलेला मुलूख शांत ठेवायचा होता. त्यासाठी सौम्य शेतकरी हवा होता आणि त्याला बिघडवणारा कोणीतरी वेगळा हवा होता. इतिहास लिहिताना इंग्रज ज्यांना हरवून मोठे झाले ते शत्रू भयंकर ठरायला हवे होते. माणसे तीच, कागदाचे काम बदलले.

साताऱ्याला पोलिटिकल एजंट असलेल्या जेम्स ग्रँट डफने 1826 मध्ये तीन खंडांत ‘हिस्टरी ऑफ द महारट्टाज’ प्रसिद्ध केला. साधनांसाठी घेतलेली मेहनत आजही मान डोलवायला लावणारी आहे. पण मराठ्यांच्या उदयाला त्याने सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा दिली: वाळले गवत, एक ठिणगी, आणि सगळा डोंगर पेटला. या उपमेत राज्य उभारणाऱ्यांच्या डोक्याला जागा नाही. 1868 च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजातल्या तरुणाने डफच्या या ‘बखरी’वर टीका लिहिली आणि 1900 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’मध्ये वणव्याच्या जागी राष्ट्राच्या घडणीची कल्पना मांडली, संतांच्या चळवळीला तिच्या मुळाशी ठेवले. वणव्याची उपमा इतकी चित्रमय होती की तिला उत्तर द्यायला मराठी अभ्यासकांना जवळजवळ पाऊण शतक लागले.

एल्फिन्स्टनने काढलेली दुहेरी आकृती, भोळा शेतकरी आणि धूर्त ब्राह्मण, पुढे सरकारी दप्तरात कायमची बसली. व्हॅलेंटाइन चिरोलने 1910 च्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये असंतोषाचे मूळ चित्पावनांत शोधले. लोकमान्य टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला; 1919 मध्ये तो फेटाळला गेला. 1918 च्या रौलट समितीच्या अहवालातही मुंबई इलाख्याच्या प्रकरणात चित्पावनांवरच बोट ठेवले आहे. एका जातीवर ठपका ठेवला की चळवळीला कारण उरत नाही, फक्त कारस्थानी उरतात.

भोळ्या शेतकऱ्याच्या आकृतीला मात्र नोकरी मिळाली. लढाऊ जमातींचा सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सैन्यभरतीत आला आणि कोणत्या जातीचे, कोणत्या तालुक्यातले रक्त शूर, याची पुस्तके निघाली. मेजर बेथमचे ‘मराठे आणि दख्खनी मुसलमान’ हे 1908 चे. वर्णन आता प्रवाशाचे मत राहिले नाही, तो भरती अधिकाऱ्याच्या टेबलावरचा नियम झाला. त्याची झळ सर्वाधिक लागली ती महारांना. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर ज्यांच्या जातीतल्या सैनिकांची नावे कोरली होती, त्यांची भरती 1890 च्या दशकात बंद झाली. निवृत्त सैनिकांनी आणि शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या; 1910 चा कांबळे यांचा अर्ज प्रसिद्ध आहे. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाला माणसे कमी पडू लागल्यावर. माणसे हवी झाली की रक्ताचा सिद्धांत किती लवकर लवचिक होतो, ते इथे दिसते.

परक्याचे साचे नंतर घरातलीच माणसे वापरू लागतात. मुंबईत घाटावरून आलेल्या हमालाला आणि मोलकरणीला ‘घाटी’ म्हणणारे आधी मराठी नव्हते असे मानले, तरी कोकणातला चाकरमानी तोच शब्द घाटावरच्यासाठी बिनदिक्कत वापरतो, आणि घाटावरचा कोकण्याला कज्जेदलाल, नारळाच्या झावळीवरून कोर्टात जाणारा म्हणतो. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी थट्टा केली तिला तिन्ही गावे आजही हसतात. कारण तिथे थट्टा करणारा आणि ऐकणारा एकाच पंगतीला बसलेले आहेत. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्यही आता परक्याचे राहिलेले नाही. ते मराठी बाप मुलाला नोकरी धर म्हणताना वापरतो. कुवलयमालेतला मराठा पेठेत उभा राहून देणे-घेणे करणाराच होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे साचे कायमचे असतात अशी समजूत असेल तर बंगालकडे पुन्हा पाहावे. 1878 मध्ये रमेशचंद्र दत्तांनी शिवाजीच्या उदयावर ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ ही बंगाली कादंबरी लिहिली. देवघरजवळ वाढलेल्या आणि बंगालीत लिहिणाऱ्या सखाराम गणेश देउस्कर या मराठी वंशाच्या पत्रकाराने कलकत्त्यात शिवाजी उत्सवाचा प्रचार केला, आणि 1904 मध्ये त्याच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही दीर्घ कविता लिहिली. त्याच वर्षी देउस्करांचे ‘देशेर कथा’ निघाले. पुढे शिवचरित्र लिहिणारे जदुनाथ सरकार आणि कामशेतचे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा पत्रव्यवहार आणि मैत्री दीर्घकाळ टिकली. ज्या भाषेत मराठा हे लेकराला झोपवण्यासाठीचे भय होते, त्याच भाषेत तो दीडशे वर्षांत एकत्र आलेल्या देशाचा प्रतीकपुरुष झाला. मराठी माणूस या काळात फारसा बदलला नव्हता. बंगालला आता इंग्रजांविरुद्ध एक नायक हवा होता.

आणि अंगाई गेलीही नाही. कविता आणि अंगाई दोन्ही एकाच घरात राहिल्या.

मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. आखणी सुमारे सात मैलांची होती. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, आणि खंदक अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याचशा भागावरून सर्क्युलर रोड काढला गेला. त्या रस्त्याचे दोन भाग आज जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रॉय यांच्या नावाने ओळखले जातात. बागबाजारात एका गल्लीचे नाव मात्र अजून ‘मराठा डिच लेन’ आहे.